पार्सलचा पंचनामा

आमच्या घरात सध्या साडी खोक्यात जाते ती कॅमेऱ्यासमोर आणि खोक्यातून बाहेर येते तीही कॅमेऱ्यासमोरच. बायको ऑनलाइन साड्या विकते. माल येवल्याहून येतो, आमच्या डोंबिवलीच्या दोन खोल्यांतून देशभर जातो आणि त्यातला काही चार लग्नं, दोन डोहाळजेवणं उरकून आमच्याकडे माहेरपणाला परत येतो.

पॅकिंगचा व्हिडिओ काढणं हे येरागबाळ्याचं काम नाही. आधी साडी उलगडून दोन्ही काठ दाखवायचे, मग पदर, मग टॅगवरचा नंबर. साडी वजनकाट्यावर ठेवायची, आकडा स्थिर होईपर्यंत श्वास रोखायचा, पिशवी चिकटवायची आणि शेवटी लेबलवरचा बारकोड. मध्ये कट चालत नाही. कट दिसला की ऑनलाइन विक्रीची कंपनी म्हणते, पुरावा ग्राह्य नाही. कॅमेरामन अर्थातच मी. एकदा चित्रीकरण ऐन रंगात असताना कुकरच्या शिट्ट्या सुरू झाल्या. मी गॅसकडे नुसतं पाहिलं, तर बायको म्हणाली, "हलू नका." वरण करपलं, पुरावा मात्र अखंड राहिला.

एवढा बंदोबस्त करावा लागला तो एका ताईंमुळे. त्यांनी पैठणी मागवली आणि आठवड्याने परत पाठवली. कारण दिलं, 'रंग फोटोसारखा नाही'. बायकोने घडी मोडली तर पदरातून अक्षता सांडल्या. कमरेपाशी हळदीचा डाग होता. खालच्या काठावर बोट फिरवलं तर सुईची बारीक भोकं, ओळीने, इकडून तिकडे. म्हणजे बाईंनी साडीला फॉल लावला, ती नेसून लग्न साजरं केलं, मग बसून फॉल उसवला, धागे वेचले, घडी घातली आणि कारण निवडलं. फॉल उसवण्याचे कष्ट ज्यांनी घेतलेत, त्यांना विचारा. एवढ्या चिकाटीने त्या कुठल्याही कचेरीत बढतीला पात्र ठरल्या असत्या. कंपनीने संध्याकाळपर्यंत त्यांचे पैसे परत केले. तक्रार तशी खरीच होती म्हणा. फोटोतल्या साडीवर हळद नव्हती.

यावर उपाय म्हणून बायकोने ताटलीएवढा टॅग छापून घेतला, 'हा टॅग काढल्यास साडी परत घेतली जाणार नाही', आणि तो पदरावर, अगदी खांद्याशी लावायला सुरुवात केली. महिन्याभरात एका गिऱ्हाइकाचा मेसेज आला, "ताई, टॅग जरा छोटा मिळेल का?" बायकोने विचारलं, कशासाठी? उत्तर आलं, "असंच."

घरात या सगळ्याला तात्त्विक विरोध होता तो नानांचा. नाना म्हणजे माझे सासरे, ग्राहक पंचायतीचे जुने कार्यकर्ते. बिंदुमाधव जोशींनी 1974 साली पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, तेव्हापासून नानांनी वजनकाटे तपासण्यात हयात घालवली. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही दुकानातली पाटी दिसली की नाना चप्पल न काढताच आत शिरून भाषण सुरू करत. 24 डिसेंबर 1986 ला ग्राहक संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. ती तारीख घरात दिवाळीसारखी पाळली जाते. 2019 चा नवा कायदा आला, त्यातलं कलम त्यांना तोंडपाठ आहे: सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित प्रथा, आणि बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवस. अशा माणसाची मुलगी विक्रेती निघाली. पोलिसाच्या पोरीने वकिली करावी तसं त्यांना झालं. "ग्राहक नाडला जातो," ते म्हणायचे, "नाडत नाही."

अक्षतांचा पुरावा त्यांनी फेटाळून लावला. म्हणाले, पॅकिंग करताना तुमच्याच देवघरातल्या पडल्या असतील.

नानांचं मतपरिवर्तन झालं ते मोरामुळे. हातमागावरची एक भारी पैठणी परत आली. टॅग आमचा, नंबर आमचा, पिशवी आमची. नाना चष्मा लावून बसले आणि त्यांनी पदर उलटा केला. खऱ्या हातमागाच्या पैठणीचा पदर उलटसुलट सारखाच दिसतो. नक्षी एकेक रंग गुंतवत विणलेली असते, पाठीमागे सुटे धागे लोंबत नाहीत. इथे मोराच्या पाठीला धाग्यांचं जंगल होतं. मशीनवरची सेमी पैठणी! कोणीतरी आमचा टॅग सोडवून तिला अडकवला होता. नाना बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हा मोर आपला नाही."

तेव्हापासून म्हातारा पेटलाय. कंपनीच्या चॅटवर त्यांनी मोराच्या पाठीचा फोटो पाठवला. 'तुमच्या भावना आम्ही समजू शकतो' असं उत्तर आलं. नानांनी विचारलं, भावना समजल्या, धागे समजले का? पुन्हा तेच उत्तर. ते यंत्र आहे हे आम्ही त्यांना अजून सांगितलेलं नाही. मग दाद कुठे मागायची यावर खल झाला. 1915 हा नंबर ग्राहकांसाठी. 1930 आर्थिक सायबर फसवणुकीसाठी. साडी नेऊन दुसरी साडी देणाऱ्यासाठी नंबर कुठला, यावर नानांचाही कायदा थकला. पोलिसांत जाऊ म्हणाले, तर तिथेही पंचाईत. पूर्वी लबाड माणसाला 'चारशेवीस' म्हटलं की भागायचं. 1 जुलै 2024 पासून नव्या न्याय संहितेत फसवणुकीचं कलम 318 झालंय. "पक्का तीनशेअठरा आहे," नानांनी म्हणून पाहिलं. शिवीत जोरच येईना.

बाकी फसवाफसवीत अशी कलाकुसर नसते. कोणी सैन्यातला अधिकारी बोलतोय म्हणून सांगतो, बायकोसाठी अर्धा डझन साड्या मागतो, क्यूआर पाठवतो आणि म्हणतो, स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत, हे आता आमच्या नाक्यावरच्या वडापाववाल्यालाही ठाऊक आहे. खोट्या ॲपवरची हिरवी टिक दाखवून वडे नेणारे भेटले, म्हणूनच त्याच्या गाडीवर तो बोलका डबा आला.

मला खरी चीड येते ती यातून होणाऱ्या सरसकट शिक्षेची. जुना दुकानदार गिऱ्हाइकाचं तोंड बघायचा. उधारी कोणाला द्यायची, गादीवरचा गठ्ठा कोणापुढे सोडायचा, हे त्याला पायरी चढतानाच कळायचं. आम्हाला दिसतो फक्त पिनकोड. कॅश ऑन डिलिव्हरीवाले दारातून पार्सल परत पाठवतात, जाण्यायेण्याचं भाडं आमच्या माथी बसतं, म्हणून बायकोने दोनशे रुपये आगाऊ घ्यायला सुरुवात केली. लबाडांना काही फरक पडला नाही. ते भारी साडी निवडतात. बंद झाल्या त्या सातबाऱ्यावर नाव असलेल्या पण मोबाइलवर पैसे पाठवता न येणाऱ्या, "पोष्टमनच्या हातात देते की रोख" म्हणणाऱ्या आज्या. त्यांच्यातल्या एकीनेही कधी साडी परत पाठवली नव्हती.

परवा सोलापूरहून एका शाळेतल्या बाईंचा फोन आला. काठाला धागा सुटलाय म्हणाल्या. बायकोने सवयीने, जरा ताठ आवाजातच विचारलं, "पार्सल उघडतानाचा व्हिडिओ आहे का?"

होता. बाईंनी लगेच पाठवला. पहिल्या दृश्यात त्या दिवसाचं वर्तमानपत्र, तारीख जवळून. मग खोक्याच्या सहाही बाजू. मग वजनकाटा. शेजारी पंच म्हणून बसवलेले दोन शिक्षक, त्यांनी नाव आणि हुद्दा सांगितला. कात्री चालली, साडी उलगडली, धागा दिसला. कुठेही कट नाही. मागे कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या होत होत्या, कोणी हललं नाही.

बायको वरमली. "बाई, एवढं कशाला? नुसता फोटो चालला असता."

"छे हो," बाई म्हणाल्या, "तुम्ही ऑनलाइन विकणारी माणसं. तुमचा काय भरवसा?"

नाना खुर्चीतून उठून फोनपाशी आले. "पोरी, त्यांना दुसरी साडी आजच्या आज पाठव," म्हणाले, "आणि विचार, कॅमेरा कोणी धरला होता? हात बघ किती स्थिर आहे!" मग माझ्याकडे त्यांनी जे पाहिलं, ते मी इथे लिहीत नाही.