अव्वल कारकुनाची गडस्वारी

पौषातल्या कडाक्याच्या थंडीत सांगलीहून निघून अजिंक्यतारा पाहावयाचा, सातारा शहर धुंडाळावयाचे आणि रात्रीच्या भोजनास घरी परतावयाचे, हा बेत ज्यांच्या संगतीने ठरला ते आमचे स्नेही अण्णा महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले असल्यामुळे, इतिहास हे त्यांच्या लेखी अद्याप निकाली न निघालेले एक प्रकरण आहे. ते नोकरीस लागले तेव्हा सांगली जिल्हा अस्तित्वातच नव्हता. १९४९ साली निर्माण होऊन १९६० पर्यंत ‘दक्षिण सातारा’ याच नावाने दप्तरी नांदलेल्या जिल्ह्याचे ते मुलाजिम. साहजिकच कऱ्हाड मागे पडताच, वडिलार्जित मिळकतीची पाहणी करावयास निघालेल्या भाऊबंदाचे गांभीर्य त्यांच्या मुद्रेवर विराजमान झाले.

गड पायी चढावा असे माझे मत होते. “सरकारने रस्ता बांधला असता चालत जाणे हा रस्त्याचा अवमान आहे,” असे म्हणून अण्णांनी मफलर घट्ट केला व ते मोटारीतून उतरलेच नाहीत. दरवाजाशी पोहोचल्यावर मात्र त्यांच्यातील कारकून जागृत झाला. शिलाहार भोज, बहामनी, आदिलशाही, शिवछत्रपती, मोगल, पुन्हा मराठे, अशी कब्जेदारांची परंपरा मी सांगितली, तेव्हा ते विषादाने उद्गारले, “एवढे फेरफार, आणि एकाचीही रीतसर नोटीस नाही!”

मंगळाईच्या देवळाजवळ, बोचऱ्या वाऱ्यात, खाली पसरलेल्या शहराकडे आणि पलीकडच्या यवतेश्वराकडे पाहत मी वेढ्याची कथा आरंभिली. डिसेंबर १६९९ मध्ये स्वतः औरंगजेब येथे येऊन बसला. प्रयागजी प्रभूंनी चार महिने गड झुंजविला. एप्रिलात मोगलांनी सुरुंग उडविले, तेव्हा एका स्फोटाने तट बाहेरच्या अंगास ढासळून हल्ल्यास सज्ज असलेले बादशहाचेच शेकडो शिपाई गाडले गेले. अशा प्रसंगी श्रोत्याने निदान एक सुस्कारा टाकावा, ही निवेदकाची माफक अपेक्षा असते. अण्णा म्हणाले, “अंदाजपत्रक मंजूर नसता काम काढले की असेच व्हायचे.”

पुढे रसद संपली, गड मोगलांस मिळाला आणि शहाजादा आझमच्या नावे त्याचे आझमतारा झाले, हे त्यांनी निमूटपणे ऐकले. परंतु गड पुन्हा मराठ्यांकडे आल्यावर शाहू महाराजांनी किल्लेदार शेख मिराचे वाईतील कुटुंब ताब्यात घेताच त्याने गड स्वाधीन केला आणि जानेवारी १७०८ मध्ये महाराजांचा राज्याभिषेक झाला, हे ऐकून त्यांचा चेहरा प्रथमच खुलला. “हे पाहा! दाव्यापेक्षा जप्ती केव्हाही श्रेयस्कर.” माझ्या मते या एका वाक्यात त्यांनी मराठेशाहीची अर्धी गृहनीती उलगडली, परंतु ते त्यांस सांगण्याची सोय नव्हती, कारण मग उरलेली अर्धीही ऐकावी लागली असती.

दूरदर्शनचा मनोरा त्यांस पसंत पडला; ताराराणींच्या वाड्याचे अवशेष पाहून “दुरुस्ती कोणाकडे?” एवढीच पृच्छा झाली; चारभिंती आम्ही मोटारीतूनच पाहिली.

राजपथावर कंदी पेढ्यांच्या दुकानी मात्र घनघोर प्रसंग ओढवला. खोक्याचे वजन पेढ्यांत धरू नये, यास्तव अण्णांनी रिकामे खोके प्रथम तोलण्याची मागणी केली. मागे गिऱ्हाईकांची रांग वाढू लागली. मालकाने शांतपणे खोके तोलले, पेढे तोलले आणि वर एक ताजा पेढा अण्णांच्या तळहातावर ठेवला. तो मुखात विरघळेपर्यंत अण्णा मौनात होते. नंतर, हा मोबदला सदर प्रकरणी पुरेसा नसल्याचे सूचित करीत, त्यांनी दुसरा तळहातही पुढे केला.