स्लॅबवरची भानगड

माय वो, काय दिवस आले! पूर्वी सावरगावात शेजारणी एकमेकींच्या चुलीवर काय शिजतंय ते बघायच्या. आता स्लॅबवर काय चढतंय ते बघतात. गल्लीत निळ्या काचांचा टेम्पो शिरला की खिडक्या उघडतात, निवडायला घेतलेली तूर सुपातच राहते आणि पहिला प्रश्न येतो : "किती किलोवॅटचं बसवून राह्यले?"

सगळा दोष छतावरच्या सोलरच्या त्या पीएम सूर्यघर योजनेचा. २०२४च्या फेब्रुवारीत ती आली, सोबत "महिन्याला ३०० युनिटपर्यंत वीज फुकट" असा मोहक शब्द घेऊन. पहिल्या दोन किलोवॅटला ३०-३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, म्हणजे जास्तीत जास्त ७८ हजारांची सबसिडी. आता हा आकडा आमच्याकडे पोराटोरांनाही पाठ आहे. मात्र तीन किलोवॅटचा एकूण खर्च दीड-दोन लाखांच्या घरात जातो, सबसिडी प्लेटा बसून मीटर चालू झाल्यावरच खात्यात पडते, हे वाक्य चर्चेत नेमकं चहा येतो तेव्हा गळतं.

पण खरी भानगड पुढेच आहे. मध्य प्रदेशात अटल गृह ज्योती योजनेत महिन्याला १५० युनिटच्या आत राहिलं, तर पहिले १०० युनिट १०० रुपयांत. त्यामुळे पांढुर्णा-सौसरकडच्या घराघरात ही १५० ची रेघ सोवळ्यासारखी पाळली जाते. मेच्या उन्हात कूलर लावला की सासूबाईंची नजर आधी मीटरवर, मग सुनेवर. "आमचं बिल तं बाई कधीच वाढत नाही," असं सांगणारी माणसं आपल्यात किती प्रतिष्ठेने वावरतात!

आणि अचानक अशाच एका घरावर सहा प्लेटा चढल्या. आता सांगा, ज्याचं बिल दीडशे-दोनशे रुपये, तो सोलर कशाला बसवेल? म्हणजे इतके दिवस आत एसी चालत होता! हळदीकुंकवाला पंख्याखाली बसवून वर "आम्हाला थंड सोसत नाही" म्हणायची सोय होती. प्लेटांनी सगळी अब्रू स्लॅबवर मांडली. चोरी पकडायला लाईनमन लागला नाही, सबसिडी पुरली.

त्यात स्लॅबवरून घराघरात महाभारत. एका किलोवॅटला शंभरेक चौरस फूट जागा लागते, तिनाला तीनशे. मग कुरड्या, सरगुंडे, मुंगवड्या कुठे वाळवायच्या? एका काकूंनी प्लेटांवरच साडी पसरून पापड घातले. "उन्हातच तं आहे, आणि गरमबी हाय," असं त्यांचं शास्त्र. संध्याकाळी मुलगा मोबाईलवर बघतो तर अर्धी वीज गायब. पापड मात्र कडक वाळले होते.

सगळ्यात मोठा गौप्यस्फोट दुपारी बाराला झाला. लाईट गेली, गल्ली घामाघूम, आणि सोलरवाल्यांच्या घरातलाही पंखा बंद! डोक्यावर सूर्य, स्लॅबवर प्लेटा, हातात वर्तमानपत्राचा पंखा. बॅटरी नसलेलं सोलर लाइनची वीज गेली की स्वतःही थांबतं. तारेत वीज उतरली तर दुरुस्तीला चढलेल्या माणसाचा जीव जाईल म्हणून. कारण रास्त आहे हो. पण त्या दुपारी शेजारणींच्या चेहऱ्यावर जो गारवा पसरला, तो कुठल्याच कूलरने दिला नसता.

आता काळजी पोळ्याच्या करीची. त्या दिवशी जाम नदीच्या पात्रात झेंड्याचा पळस उभा राहतो, अलीकडे सावरगाव, पलीकडे पांढुर्णा, आणि मध्ये गोटमार, म्हणजे दगडफेक. आख्यायिका अशी की पांढुर्ण्याच्या मुलाने सावरगावची मुलगी पळवली, त्यावरून हे दगड. (आजची मुलगी पळण्याआधी पोराच्या स्लॅबकडे एकदा नक्की बघेल.) प्लेटांची काच भक्कम असते म्हणतात. २५ मिलिमीटरची बर्फाची गोळी ताशी ऐंशीहून अधिक किलोमीटर वेगाने मारून तिची परीक्षा घेतात. पण बापा, परीक्षा घेणाऱ्यांनी पांढुर्ण्याचा गोटा कुठे पाहिलाय?

तेव्हा नदीकाठच्या सोलरवाल्यांनो, येत्या करीला सकाळीच प्लेटांवर गोधड्या टाका. खाली पोरं पळसाचा झेंडा राखतील, वर तुम्ही ७८ हजार राखा. गोधडीखाली वीज होणार नाही, मान्य. वर्षातला तो एक दिवस तुमचंही मीटर आमच्यासारखंच सरळ फिरेल, आणि आम्ही खालून हात जोडून म्हणू : "या, खूप दिवसांनी आलात!"