पुराव्याअभावी उत्तम

पेडण्यातल्या तुये, पार्से, मांद्रे या पट्ट्यात चवथीच्या आरत्या आटोपल्या, प्रसाद वाटून झाला, की जो वाद हमखास उभा राहतो तो देवाधर्माचा नसतो, चामड्याचा असतो. ‘आताची घुमटं वाजतात कुठे? घोरपडीचं कातडं होतं तेव्हाचा नाद आता खंय!’ असं कुणीतरी जाणता म्हणतो आणि पुढचा अर्धा तास चहा गार होतो. घुमट म्हणजे दोन तोंडांचं मातीचं मडकं. मोठं तोंड चामड्याने मढवलेलं आणि लहान तोंड उघडं. उजव्या हाताने चामड्यावर थाप द्यायची आणि डाव्या पंजाने लहान तोंड झाकत-उघडत त्या नादाला घुमवायचं. गोवा सरकारने २०१९ साली या मडक्याला राज्याचं वारसावाद्य केलं. घोरपडीला मात्र १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आधीच अभय दिलेलं असल्यामुळे आता मढवायला बकऱ्याचं कातडं आलं. म्हणजे वाद्य सरकारमान्य आणि त्याचा ‘खरा’ नाद बेकायदेशीर. जुना नाद श्रेष्ठ होता हे कुणाला सिद्ध करायचंच असेल, तर पुरावा हजर करताक्षणी तो गजाआड जायचा. माझं म्हणणं असं, की संगीतप्रेमी माणसाचा दावा नेहमी असाच असतो. त्याला आवडलेली सर्वोत्तम मैफल ही पुरावा न मिळण्याच्या बेतानेच निवडलेली असते, आणि त्यात गैर काहीच नाही.

दशावतारच घ्या. पेडण्यापासून वेंगुर्ले-कुडाळपर्यंत जत्रेच्या रात्री जागवणारा हा खेळ. संहिता नाही, तालीम नाही. आज कुठलं आख्यान लावायचं ते बहुतेक वेळा त्याच संध्याकाळी ठरतं, आणि मग पायपेटी, पखवाज, झांज यांच्या भरवशावर राजे-राक्षस पहाटेपर्यंत मनाला येईल ते, पण मुद्द्याला धरून बोलतात. एकदा झालेला संवाद पुन्हा तसाच होत नाही. अशा कलेबद्दल ‘अमक्या वर्षीचा संकासुर म्हणजे संकासुर!’ असं कुणी म्हटलं तर खोडून कोण काढणार? जो त्या रात्री तिथे होता तो दुजोरा देतो. बहुधा तो पायपेटी सुरू होण्याआधीच झोपलेला असतो, म्हणून त्याचा दुजोरा जास्त ठाम. खाप्रुमामा पर्वतकरांचंही तसंच. या गोमंतकीय लयभास्कराच्या लयकारीबद्दल सांगतात, की दोन हातांचे दोन ताल, दोन पायांचे दोन आणि पाचवा तोंडाने, सगळे एकाच वेळी. माणसाचे अवयव तिथे संपले म्हणून गोष्टही तिथे थांबली. नाहीतर आणखी दोन ताल सहज मावले असते. सांगणाऱ्यांवर माझा अविश्वास मुळीच नाही. खाप्रुमामा गेले १९५३ साली, आणि पायाचा ताल तबकडीवर दिसतही नाही.

यावर सरळमार्गी माणूस म्हणेल, याला मराठीत थाप म्हणतात. कबूल, पण घुमटावर पडते तीही थापच, आणि ती चुकली की सगळ्या वाडीला कळते. आठवणींची थापसुद्धा इतकी सोपी नाही. नुसतं ‘काय बहार आली होती’ म्हणणाऱ्याला इथे कुणी उभं करत नाही. आरती कोणती, साथीच्या शामेळ-ढोलावर कोण होता, कासाळं म्हणजे झांज कुणाच्या हातात, लय कुठे चढवली, आणि चढवल्यावर कोण मागे राहिला, एवढा तपशील मागितला जातो. शेवटचा प्रश्न खास महत्त्वाचा, कारण मागे राहिलेला इसम बरेचदा समोरच बसलेला असतो. घुमटआरतीत श्रोता असा वेगळा नसतोच. खोलीतले निम्मे वाजवतात आणि उरलेले गातात. त्यामुळे तटस्थ साक्षीदार एकही नाही, पण उलटतपासणी घ्यायला सगळेच जाणकार. न ऐकलेल्या मैफलीची फुशारकी मारणारा इथे तिसऱ्या प्रश्नाला गारद होतो. प्रत्यक्ष ऐकलेल्यालाच फुगवून सांगण्याचा परवाना आहे.

दुसरा आक्षेप नव्या पिढीचा: आता हे सगळं फोनवर टिपता येतं, मग आठवणींची गरजच काय? तुयेत तर इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या कारखान्यांसाठी खास वसाहत आखलेली. ध्वनिमुद्रणाला तोटा नाही. २०२४च्या डिसेंबरात आमच्याच तालुक्यात, धारगळला सनबर्न संगीत महोत्सव भरला. तिथे फोन उंचावलेल्या हातांनी काय काय टिपून घेतलं असेल ते असो. पण जे टिपलं जातं त्याची गोष्ट होत नाही. ‘थांब, दाखवतो’ म्हटलं की गप्पा संपल्या. मग समोरच्याने तीन मिनिटं त्या इवल्या पडद्याकडे बघून ‘हं, छान’ म्हणायचं. फोनच्या आधीही हेच होतं. गायिका केसरबाई केरकरांच्या तबकड्या निघाल्या, तीन-साडेतीन मिनिटांच्या. पण ज्यांनी बाईंना समोर बसून ऐकलं ते तबकडी ऐकून हटकून मान हलवायचे: ‘छे, यात बाई नाहीत.’ बाईंची भैरवी ‘व्हॉयेजर’च्या सोनेरी तबकडीवर चढवून अमेरिकेने १९७७ साली आकाशात धाडली. ‘व्हॉयेजर १’ सुटलं ५ सप्टेंबरला आणि बाई गेल्या त्याच महिन्याच्या १६ तारखेला. ती भैरवी आता पृथ्वीपासून सुमारे अडीच हजार कोटी किलोमीटरवर आहे. पुरावा ठेवावा तर इतका लांब! (बाई फोंड्याकडच्या केरीच्या. केरी पेडण्यातही आहे आणि सत्तरीतही, त्यामुळे ‘आमच्या केरीच्या’ म्हणणाऱ्याला गोव्यात निदान तीन ठिकाणी चहा मिळावा.)

उरला तो चामड्याचाच मुद्दा, आणि तो मी टाळणार नाही. घोरपडीचं कातडं पातळ आणि चिवट. बकऱ्याचं त्या मानाने जाड. नादात फरक पडतो, यात शंका नाही. पण चामडं एकटं थोडंच वाजतं? मडक्याची माती, भाजणी, पोटाचा घेर, लहान तोंडाचं माप, वाजवणाऱ्याचा पंजा, आणि सगळ्यांत वरचढ भाद्रपदातली हवा. चवथ येते ऐन पावसात. दमट हवेत कातडं सैल पडतं आणि घुमट खोकल्यासारखं वाजतं. मग ते विस्तवाशी धरून शेकायचं, बोटाने टिचकी मारून बघायचं, पुन्हा शेकायचं. जुना नाद चामड्याचा होता, शेकणाऱ्या हाताचा होता, की ऐकणाऱ्याच्या विशीचा होता, हे ठरवायचं तर एकाच कुंभाराची, एकाच भाजणीची दोन मडकी हवीत, वाजवणारा एकच हवा, पाऊस तोच हवा आणि घोरपड हवी. पाचव्या अटीला वनरक्षक येतो. म्हणजे वाद सुटत नाही, आणि सुटला तर पुढच्या चवथीला प्रसादानंतर बोलायचं काय?

शिवाय यंदाच्या आरतीत गणपतीवर टांगलेल्या माटोळीखाली मांडी घालून बकऱ्याच्या कातड्याचं घुमट बडवणारी दहा-बारा वर्षांची पोरं आहेतच. उद्या कुणीतरी प्लॅस्टिकचा पडदा ताणलेलं घुमट आणेल; न शेकता वाजणारं, पावसाला न भिणारं. तेव्हा चाळिशी ओलांडलेली हीच पोरं चहा गार करत सांगतील, बकऱ्याचं कातडं होतं तेव्हाचा नाद आता खंय!