आगंतुक भाचा

मे महिन्यातल्या दुपारी वाईतल्या मामाच्या वाड्यात दोनच जीव जागे असत. एक भिंतीवरची पाल आणि दुसरा मी. बाकी सगळं घर आमरसाच्या अमलाखाली आडवं झालेलं असे. मामी माजघरात, आजी देवघराच्या उंबऱ्याशी आणि मामा झोपाळ्यावर, एक पाय खाली सोडून. झोपेतही झोपाळा थांबू नये याची जबाबदारी त्या एका पायावर होती. अशा वेळी टीव्हीचा आवाज पार तळाला नेऊन मी ‘स्कूबी-डू’ बघत असे. १९९५ साली आपल्याकडे कार्टून नेटवर्क आलं आणि त्याच्या पुढच्या सुट्टीत मामाच्या घरी केबल. सगळं इंग्रजीत. माझं इंग्रजी तेव्हा ‘माय नेम इज’च्या वेशीबाहेर पडलेलं नव्हतं, पण भूत दिसल्यावर कुत्र्याची होणारी अवस्था कुठल्याही माध्यमाच्या मुलाला कळते.

गोष्टही काय, सत्यनारायणाच्या पोथीसारखी. साधुवाण्याची नाव बुडणार आणि प्रसाद घेतल्यावर वर येणार हे जसं ऐकणाऱ्याला आधीपासून ठाऊक असतं, तसंच इथे. चार तरुण आणि एक कुत्रा रंगीत गाडीतून फिरणार, ओसाड वाड्यात शिरणार, भूत मागे लागणार आणि शेवटी त्या भुताचा मुखवटा ओढला की आतून कुणीतरी पैशाला हपापलेला गृहस्थ निघणार. १३ सप्टेंबर १९६९ ला अमेरिकेत सुरू झाल्यापासून त्या गाडीनं रस्ता सहसा सोडला नव्हता. स्कूबीचं चित्र काढणाऱ्या इवाओ ताकामोतो यांनी म्हणे कचेरीतल्या एका जाणकार बाईंना विचारलं होतं, की उत्तम ग्रेट डेन कसा असतो? त्यांनी सांगितलं, पाठ सरळ, पाय सरळ, हनुवटी लहान. मग यांनी पाठीला पोक काढलं, पाय फेंगडे केले आणि हनुवटी दांडगी. स्थळ सांगून आलेल्या मुलाचे पत्रिकेत लिहिलेले गुण एकेक करून पुसावेत, तसा तो स्कूबी तयार झाला आणि मला घरातलाच वाटू लागला. कारण आमच्या वाड्यातही असाच एक उंच, पोक काढून चालणारा, खाण्यावर प्रेम असलेला आणि अंधाराला भिणारा पुरुष होता. तो त्या वेळी झोपाळ्यावर घोरत असे.

मामाचं भिणं हे वाड्यातलं उघड गुपित होतं. रात्री मागच्या अंगणात जायचं झालं की तो मला उठवी, हातात बॅटरी देई आणि म्हणे, “तू हो पुढं, मी आहे मागं.” मी सात वर्षांचा. पुढं होताना माझी छाती कृष्णेच्या पुरासारखी फुगलेली असे. मागून मामानं माझ्या सदऱ्याचं टोक घट्ट धरलेलं आहे, हे मी संरक्षण समजत होतो.

आणि मग एका दुपारी तो आला. वीतभर पिल्लू, अंगाच्या मानानं डोकं मोठं आणि डोक्याच्या मानानं आवाज मोठा. नाव स्क्रॅपी-डू. भूत दिसलं की सगळे पळणार, हा मात्र मुठी वळून त्याच्या अंगावर. सोडा मला, बघतोच आता, असा त्याचा एकंदर आविर्भाव. शब्द कळत नव्हते, पण सूर ओळखीचा होता. पंगतीत वाढप सुरू असताना मध्येच येऊन “मी वाढणार, मी वाढणार” म्हणत तुपाचं भांडं उपडं करणाऱ्या मुलाचा तो सूर. मला त्याचा पाहताक्षणी राग आला. तो स्कूबीला ‘अंकल’ म्हणे. इंग्रजीच्या या आळशीपणामुळे तो पुतण्या की भाचा, हे कळायला मार्ग नव्हता. मामीनं कूस बदलत एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि निकाल दिला, “भाचाच असणार.” पुढं कितीतरी वर्षांनी मला कळलं, की तो खरोखरच स्कूबीच्या रूबी नावाच्या बहिणीचा मुलगा. मामीला इंग्रजी येत नव्हतं. भाचे मात्र ओळखता येत होते.

त्याला बोलावणं का धाडलं, तेही मोठेपणीच समजलं. १९७९ पर्यंत मालिकेचा प्रेक्षक आटत चालला होता, एबीसी वाहिनी ती बंद करायच्या विचारात होती. म्हणजे घरात दिवे लागेनासे झाले म्हणून बहिणीच्या पोराला राहायला आणावं, तसा प्रकार. पोरानं दिवे लावलेही. मालिका वाचली. पण पुढच्याच वर्षी त्या चार तरुणांपैकी फ्रेड, डॅफ्नी आणि वेल्मा या तिघांना गाडीतून उतरवलं. पाहुणा राहिला, घरचे गेले. हे मात्र लोक विसरले नाहीत. २००२ च्या सिनेमात तर खलनायकाच्या यांत्रिक सोंगातून शेवटी स्क्रॅपीच बाहेर निघतो. तेवीस वर्षं मनात धरलेला राग लोक असा समारंभपूर्वक काढू शकतात, याचं मला भावकीच्या पलीकडेही नवल वाटलं.

आपल्याकडे मामा-भाच्यानं एका होडीत बसू नये म्हणतात. गाडीबद्दल कुणी काही सांगून ठेवलेलं नाही, तरी ती दोघं एका गाडीत बसली आणि व्हायचं ते झालं. मला मात्र वाटतं, आमचा राग त्या पिल्लावर नव्हताच. स्कूबी त्या घरातलं शेंडेफळ होता. सगळ्यांत लाडका, सगळ्यांत भित्रा, खाऊ दाखवल्याशिवाय न हलणारा. आम्ही बघणारेही तसेच. एका दुपारी त्याच्यापेक्षा लहान कुणी आलं, आणि काही न विचारता त्याला मामा करून टाकलं. पाळण्यातल्या भावाकडे बघणाऱ्या तीन वर्षांच्या मुलाला अचानक ‘दादा’ म्हणतात तेव्हा त्याचा चेहरा जसा होतो, तसे आमचे सगळ्यांचे चेहरे झाले असावेत.

स्कूबीची मात्र तक्रार दिसली नाही. १९८० पासून तर मामा आणि भाचा या दोघांचाही आवाज एकच माणूस काढत असे, डॉन मेसिक. भिणारा तोच आणि “थांबा, मी बघतो” म्हणणाराही तोच. त्या बंद खोलीत मायक्रोफोनसमोर ते गृहस्थ स्वतःच स्वतःला धीर देत असतील, हे चित्र मला फार आवडतं.

आमचा मामा आता पंचाहत्तरीला आलाय. गेल्या दिवाळीत आम्ही सगळे वाईला जमलो होतो. रात्री वीज गेली आणि माळ्यावर काहीतरी धाडकन पडलं. मामी म्हणाली, “मांजर असेल,” आणि पुन्हा झोपली. माझ्या बहिणीचा मुलगा, वय वर्षं सहा, अंथरुणातून ताडकन उठला. मुठी वळलेल्या. “मी बघतो!” गेले चार दिवस त्यानं मला दुपारी डोळा लागू दिला नव्हता, माझी खुर्ची बळकावली होती, चकल्यांचा डबा स्वतःच्या मालकीचा जाहीर केला होता. मी मोबाइलचा दिवा लावून त्याच्या हातात दिला. जिना अरुंद, लाकडी, पायरी-पायरीला कण्हणारा. तो पुढे, त्याच्या मागे मी. चार पायऱ्या चढल्यावर माझ्या लक्षात आलं, की माझ्या उजव्या हातात त्याच्या सदऱ्याचं टोक आहे. आणि माझा सदरा मागून कुणीतरी ओढतंय.

माळ्याच्या दाराशी पोरगं थांबलं. मागे वळून त्यानं आमच्या दोघांवर दिवा मारला.

“थांबलास का? हो पुढं,” मामा माझ्या खांद्याआडून कुजबुजला. “आम्ही आहोत मागं.”