पंधरा अँपियरचे जावई

आमच्या साडूंना सासुरवाडीला जायचं नसतं, सासुरवाडीला २० टक्के शिल्लक ठेवून पोचायचं असतं. या दोन गोष्टींतला फरक ज्याला कळला, त्याला विजेची गाडी घेतलेला निवृत्त बँक अधिकारी कळला. बाकीच्यांसाठी जरा सविस्तर लिहिणं भाग आहे.

साडूंनी उभी हयात बँकेच्या तपासणी विभागात काढली. दुसऱ्यांच्या शाखांत जाऊन शिल्लक जुळते का बघायचं आणि जुळली तर थोडं हिरमुसायचं, असं ते काम. निवृत्तीनंतर अशी माणसं खंगतात. साडू खंगले नाहीत, कारण ग्रॅच्युइटीतून त्यांनी विजेवरची एसयूव्ही घेतली आणि तिच्या डॅशबोर्डावर त्यांना पुन्हा शिल्लक दिसू लागली. गाडी कोणत्या कंपनीची ते मी सांगत नाही. ते काम साडू स्वतः करतात: लिफ्टमध्ये, लग्नाच्या पंगतीत, आणि एकदा तर दहाव्याला, घाटावर, गुरुजींपाशी.

गाडीच्या पोटात ४५ युनिटांची बॅटरी आहे. युनिट म्हणजे आपल्या लाइट बिलावरचंच युनिट. कंपनीच्या कागदावर तेवढ्या विजेत गाडी पावणेपाचशे किलोमीटरांच्याही पुढे जाते. प्रत्यक्ष महामार्गावर, चार माणसं, बॅगा आणि मे महिना धरून, ती तीनशेच्या अलीकडे-पलीकडे थकते. या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत साडूंचं उरलेलं आयुष्य चाललं आहे.

पुण्याहून वेंगुर्ल्याला जायचं ठरलं. आमच्या दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, त्यामुळे सासुरवाडी एकच. कोल्हापूर, आजरा, आंबोली, सावंतवाडी या रस्त्यानं अंतर चारशे किलोमीटरांच्या आसपास. पूर्वी या प्रवासाची तयारी म्हणजे दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. आता साडूंनी आठवडाभर आधी एक्सेल उघडलं. मोबाइलवर चार्जिंगच्या कंपन्यांची अ‍ॅपं ओळीनं मांडली. प्रत्येक अ‍ॅपचं पाकीट वेगळं, त्यात पैसे आधी भरायचे, आणि प्रत्येक पाकिटात ते भागणार नाही इतपत तुटपुंजे उरतात. कुठं ३७ रुपये, कुठं ६४. दुसरा कुणी वैतागला असता. साडू दर रविवारी या सगळ्या पाकिटांचा ताळेबंद काढतात आणि त्या संध्याकाळी फार प्रसन्न दिसतात.

निघण्याच्या दिवशी त्यांनी बॅगा वजनकाट्याला टांगल्या. माझ्या मेहुणीची बॅग ९ किलो भरली.

“सात दिवसांना इतक्या साड्या?”

“अहो, गाडी माणसांसकट दोन टनांची. त्यात दोन साड्यांनी काय होतंय?”

“असंच म्हणून कर्जं बुडतात,” साडू म्हणाले.

कात्रजचा बोगदा ओलांडला तेव्हा काटा ८० वर होता, आणि कोल्हापूरपर्यंत तो तिथून हलला नाही. आम्हाला एसटीनं मागं टाकलं. वऱ्हाडाच्या जीपनं मागं टाकलं. खंबाटकीच्या अलीकडे कोंबड्यांचा एक टेम्पो गेला, त्यातल्या कोंबड्यांनी आमच्याकडे वळून पाहिलं असं माझी बायको अजून सांगते. साडूंना याचं काही वाटत नाही. फक्त विजेवरची एसटी दिसली की ते हात वर करतात आणि कुणीही न विचारता सांगतात, की महाराष्ट्रातली पहिली एसटी १ जून १९४८ ला पुणे ते नगर धावली, आणि विजेवरची पहिली शिवाईसुद्धा २०२२ मध्ये त्याच तारखेला, त्याच रस्त्यावर. माहिती खरी आहे. फक्त ती सांगताना त्यांनी एसी बंद केलेला असतो.

एसीचा वाद शिरवळला सुरू झाला आणि साताऱ्यापर्यंत चालला. साडूंचं म्हणणं, एसी बॅटरी खातो. मागं बसलेली माझी मुलगी बारावी सायन्सची. तिनं हिशेब मांडला: या वेगानं गाडी तासाला दहा-अकरा युनिटं घेते आणि एसी त्यात एखादं. खरी उधळपट्टी वेगाची आहे, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ९० ऐवजी ११० नं गेलात तर तो जवळजवळ दीडपट होतो. आपण ८० नं चाललोच आहोत, तर एसी लावायला काय हरकत आहे?

“बाहेर चार्ज केलं तर युनिटला किती पडतं?” मेहुणीनं विचारलं.

“वीस-पंचवीस रुपये.”

“म्हणजे तासाला पंचवीस रुपयांसाठी तुम्ही मला भाजताय.”

एसी लागला. साडूंनी मात्र त्याची नोंद घेतली. खरंच घेतली, वहीत.

या जातीच्या प्रवाशाचा भूगोल वेगळा असतो. आपण म्हणतो सातारा, कंदी पेढे, कोल्हापूर, तांबडा-पांढरा. साडू म्हणतात सातारा, ६० किलोवॉट, एक गन चालू एक बंद. जिथं मिसळ चांगली मिळते तिथं चार्जर नाही आणि जिथं चार्जर आहे तिथं शनिवारी दुपारी सांबारात वडा पोहत असतो. आम्ही कऱ्हाडला तो वडा खाल्ला. बॅटरी ५२ टक्के होती, तरीही. पन्नासच्या आत शिल्लक गेली की साडूंना रात्री झोप लागत नाही, आणि आता तर दिवसच होता.

तिथला प्रकार वर्णन करण्यासारखा आहे. चार्जरसमोर पांढरी पेट्रोल गाडी उभी. वॉचमन म्हणाला, साहेब जेवताहेत. साहेब थाळी जेवत होते आणि पुरणपोळी अजून यायची होती. ते बाहेर आले, त्यांनी बडीशेप खाल्ली, गाडी काढली, आणि साडूंनी मोठ्या भक्तिभावानं गन लावली. पडदा उजळला, अ‍ॅपनं ओटीपी मागितला, ओटीपी आला, आणि चार्जरनं ‘पुन्हा प्रयत्न करा’ असं सांगितलं. साडूंनी हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडच्या मुलीनं मशीनवरचं लाल बटन कुणी दाबलंय का ते बघायला सांगितलं. दाबलेलं होतं. ते बटन आणीबाणीसाठी असतं आणि महाराष्ट्रातलं प्रत्येक लहान मूल जेवण होईपर्यंत ते दाबून बघतं. बटन फिरवून सोडवलं, तिकडून मशीन नव्यानं सुरू केलं, वीज वाहू लागली.

साडूंच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे येतं ते मी त्यांच्या मुलीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

वाट बघण्याचा हा वेळ त्यांच्या प्रवचनाचा. चहाचा कप हातात घेऊन ते थेट १८८८ सालच्या जर्मनीत जातात. कार्ल बेन्झनं मोटार बनवली खरी, पण ती दूरवर नेऊन दाखवली त्याच्या बायकोनं, बर्थानं. मानहाइमहून फोर्त्सहाइम, शंभरावर किलोमीटर. पेट्रोल पंप नावाची चीजच जगात नव्हती. इंधन संपत आलं तेव्हा तिनं वीसलोखच्या औषधांच्या दुकानातून ते विकत घेतलं. नळी तुंबली ती टोपीच्या पिनेनं मोकळी केली.

“कळलं?” साडू म्हणतात. “पेट्रोलवाल्यांनाही आधी केमिस्टकडे रांग लावावी लागली. आम्ही आज तिथं आहोत.”

“ती नवऱ्याला न सांगता गेली होती,” मेहुणी म्हणाली. तिनं ही गोष्ट इतक्यांदा ऐकली आहे की तिनं ती स्वतः शोधून वाचली. “दोन मुलांना घेतलं आणि नवरा झोपेत असताना निघाली. म्हणून पोचली.”

एवढ्यात बेळगावकडची एक गाडी आली. हिरवी पाटी, पांढरी अक्षरं. तिच्यातून उतरलेल्या गृहस्थांनी नमस्कार केला नाही, नाव सांगितलं नाही, फक्त “किती?” एवढंच विचारलं. साडू म्हणाले, “सत्तर. दहा मिनिटं.” मग दोघं शेजारी उभे राहून पडद्याकडे बघू लागले. पडद्यावरचा आकडा मिनिटाला एकानं वाढत होता आणि दोघांच्या माना त्याबरोबर हलत होत्या. घाट, टायरची हवा, कुठल्या हॉटेलाचा मालक गन लपवून ठेवतो, यावर जे बोलणं झालं त्यात मला एक शब्द घालता आला नाही. ८० वर साडूंनी गन काढली. ऐंशीनंतर बॅटरी वीज सावकाश घेते, मागं माणूस ताटकळत असताना तिथं बसून राहणं हा त्यांच्या लेखी अक्षम्य गुन्हा. या बाबतीत माणूस सज्जन आहे. बुफेच्या रांगेत त्यांना हे कधी सुचलेलं नाही, पण ते असो.

कोल्हापूरला पुन्हा थांबलो, पुन्हा ८०. पांढरा रस्सा लांबून दिसला.

आंबोली घाट उतरताना मात्र साडू वेगळेच झाले. उतारावर पाय उचलला की मोटर उलटी होऊन वीज तयार करते आणि ती बॅटरीत जाते. सगळ्या वळणांवर आम्ही दरी बघत होतो, साडू टक्के बघत होते. घाटाच्या पायथ्याशी आकडा तीननं वाढला होता. तीन टक्के म्हणजे सव्वा-दीड युनिट, घरच्या दरानं बारा-पंधरा रुपये. त्यांनी गाडी बाजूला घेतली, उतरून डोंगराकडे पाहिलं आणि म्हणाले, “बघा! याला म्हणतात व्याज.” परतीच्या वेळी, आंब्यांच्या पेट्या लादून, तोच घाट चढताना डोंगरानं मुद्दलासकट वसुली केली. ती नोंद वहीत आहे की नाही, मला माहीत नाही.

वेंगुर्ल्याला पोचलो. सासूबाई ओवाळायला तांदूळ-पाणी घेऊन दारात. साडूंनी उंबरठ्यावरूनच विचारलं, “पंधरा अँपियरचा पॉइंट कुठाय?”

पूर्वीचे जावई घड्याळ मागायचे, अंगठी मागायचे, सत्तरीच्या दशकात स्कूटर मागायचे. सॉकेट मागणारा जावई सासऱ्यांनी प्रथमच पाहिला. तसा पॉइंट घरात एकच, विहिरीच्या पंपाचा. पंप काढला, वायर जोडली, गाडीनं लाल दिवा दाखवला. अर्थिंग नीट नसेल तर गाडी वीज घेत नाही. मे महिन्यात जांभ्या दगडाच्या जमिनीत अर्थिंगचा खड्डा ठणठणीत कोरडा. साडूंनी उपाय सांगितला: खड्ड्यात पाणी ओता, त्यात मीठ टाका. मग अंगणात जे दिसलं ते असं: पंप काढल्यामुळे विहिरीवर रहाट, रहाटावर मी, कळशी घेऊन सासरे, आणि विजेरी घेऊन जावई.

“विजेच्या गाडयेक पाणी घालूक लागता,” सासरे म्हणाले, “ह्या पयल्यांदाच बघतंय.”

चौथ्या कळशीला दिवा हिरवा झाला. रात्री अकराला फ्रीज आणि गाडी एकदम चालू झाली आणि घरातला एमसीबी पडला. पंखे थांबले, डास आले. जावयाच्या गाडीचं पोट भरावं म्हणून फ्रीज बंद ठेवण्यात आला. सकाळी साडूंनी तीसएक युनिटांचे पैसे मोजून सासऱ्यांपुढे ठेवले. सासऱ्यांचा चेहरा असा झाला की माझी बायको देवघरात निघून गेली. पैशाला त्यांनी हात लावला नाही. नंतर त्यांनी त्यात शंभराची भर घालून ते साडूंच्या नातवाच्या खाऊसाठी पाठवले, त्यामुळे साडूंचा ताळेबंद त्या महिन्यात जुळला नाही.

आता खरी गोष्ट सांगतो. वेंगुर्ल्याला गाडी उभी राहिली तेव्हा शिल्लक २० नव्हती, ३३ होती. माझ्या मुलीनं वहीच्या मागच्या पानावर हिशेब करून दाखवला: घरून पूर्ण भरून निघालो होतो, तेव्हा एकट्या कोल्हापूरला थांबलो असतो तरी भागलं असतं. कऱ्हाडचा वडा, पांढरी गाडी, लाल बटन, बर्था बेन्झ, सगळं वगळता आलं असतं. साडूंनी तो कागद वाचला, टाचणीनं वहीला लावला आणि शेरा मारला: “निरीक्षण मान्य, शिफारस नामंजूर.”

मला विचाराल तर गाडीत दोष नाही. साडूंच्या हाती स्कूटर असती तरी ते रिझर्व्हला लागायच्या वीस किलोमीटर आधी पंपावर गेले असते. विजेच्या गाडीनं त्यांच्या धास्तीला फक्त दशांश चिन्ह दिलं. आणि हेही मान्य करायला हवं, की त्यांची गाडी रस्त्यात आजवर एकदाही बंद पडलेली नाही. बंद पडतो तो एसी.

तेव्हा वाचकहो, एक विनंती. हॉटेलात जेवायला थांबलात की हिरव्या पट्ट्यांच्या चौकोनात पेट्रोलची गाडी लावू नका. तुम्ही पुरणपोळी खाऊन बाहेर याल तेव्हा साडू तिथं उभे असतील. ते भांडणार नाहीत. ते तुमची किल्लीसुद्धा मागणार नाहीत. ते १८८८ पासून सुरुवात करतील.