उणे वीस अंशांवरील तेलपाणी

परदेशी जाऊन आलेल्या गृहस्थाने तेथील राजवाडे, चित्रशाळा आणि धबधबे यांचे यथासांग वर्णन करावे, असा आपल्याकडील प्रवासवर्णनाचा जुना शिरस्ता आहे. आणि तो मोडण्यास एकच सबब ग्राह्य धरता येईल, ती ही की, ज्या गावी प्रवासी गेला तेथे राजवाडा नाही, पाणी म्हणून जे काही आहे ते गोठलेले आहे, आणि चित्रशाळा पाहावयास निघावे तर दुपारी दोनच्या सुमारास सूर्यच दफ्तर आवरून निघून जातो. फिनलंडमध्ये बॉथनियाच्या आखाताच्या काठी, ६५ उत्तर अक्षांशावर वसलेले ओउलू हे असे गाव आहे. डिसेंबरच्या अखेरीस तेथे साडेदहाच्या आसपास उजाडते आणि दोन वाजून गेले की मावळते. त्या साडेतीन तासांच्या मुदतीत माणसाने आंघोळ करावी, जेवावे, की देशदर्शन करावे, याचा निकाल ज्याचा त्याने लावायचा असतो.

अशा गावी लोक हिवाळ्यात काय करीत असतील, हा प्रश्न विमानात मला पडला होता. ते सायकलवर बसतात. शाळेतली पोरे, कचेरीत जाणाऱ्या बायका, हातात पिशवी अडकवलेले वृद्ध, सगळे बसतात. गावात नऊशे किलोमीटरहून अधिक लांबीचे सायकलमार्ग असून, हिवाळी सायकलस्वारी या विषयावरील आंतरराष्ट्रीय परिषद २०१३ साली पहिल्यांदा भरली तीही तेथेच. मार्गांवरील बर्फ समूळ उपसण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही. तो दाबून सपाट करतात, यंत्राने त्यावर रेघा ओढतात, आणि वर बारीक खडीची कच पसरतात. कडाक्याच्या थंडीत मिठाने बर्फ वितळत नाही, हे ओळखून मिठाच्या नादी लागण्याचेही त्यांनी टाळले आहे. ज्या पुण्यात माझी हयात गेली तेथे सायकलला नगरपालिकेचा बिल्ला असणे, रात्री दिवा असणे आणि डबलसीट नसणे या तिन्ही गोष्टी कायद्याने आवश्यक होत्या, आणि तिन्हींची अंमलबजावणी पोलीस चाकातली हवा सोडून करीत असे. त्यामुळे सरकार सायकलस्वाराच्या वाटेला त्याच्या भल्यासाठी जाते, ही कल्पना पचनी पडण्यास मला थोडा अवधी लागला.

या गावी माझा भाचा दूरसंचार खात्यातील अभियंता म्हणून राहतो. खाते हा शब्द माझा. तो कंपनी म्हणतो. ओउलू हे एके काळी डांबराच्या निर्यातीवर श्रीमंत झालेले बंदर. अंतर्भागातील पाइनच्या अरण्यात भट्ट्या लावून काढलेले डांबर पिंपांत भरून नदीतून येथे येई आणि येथून जगभरच्या लाकडी जहाजांची अंगे राखण्यास जाई. डांबराचे दिवस गेले आणि बिनतारी यंत्रांचे आले, तेव्हा आमच्यासारख्यांचे भाचे तिकडे जाऊ लागले. ज्या नोकिया कंपनीचे नाव आपल्याकडे खिशातल्या दूरध्वनीमुळे घरोघरी पोहोचले, तिचा मूळपुरुष १८६५ साली निघालेली लाकडाच्या लगद्याची गिरणी होता, आणि पुढे त्या घराण्यात रबरी बूट व सायकलचे टायर करणारी एक शाखाही नांदत होती, ही वंशावळ मला तेथे कळली. हिवाळी टायरांना बाहेरून टंगस्टन कार्बाइडचे बारीक खिळे असतात. आपल्याकडे खिळे टायरमध्ये शिरतात, तिकडे ते टायरातून बाहेर येतात. सायकल दोन्हीकडे चालते.

भाच्याने पहिल्याच पगारात एक उंची सायकल घेतली होती, आणि तिच्यावर त्याचा जीव होता. रोज संध्याकाळी तो तिला उचलून तिसऱ्या मजल्यावर नेई, दिवाणखान्यात उष्णकाच्या शेजारी उभी करी, फवाऱ्याचा डबा घेऊन चेन, फ्रीव्हील, चेनव्हील या सर्वांवर तेलाचा अभिषेक करी, आणि मागच्या चाकाचा आस उघडून त्यात आणखी ग्रीस मावते का, याची दर रविवारी चाचपणी करी. भाचेसुनेचे म्हणणे थोडक्यात होते. “मामा, माझ्या माहेरचा गालिचा आता तिचा झालाय. मी जमिनीवर बसते.” काळ्या तेलाचे गोल डाग गालिच्याच्या नक्षीत इतके मिसळून गेले होते की, मूळची वेल कोणती आणि नंतरची कोणती, याची रुजुवात करणे कठीण होते.

एके दिवशी सकाळी, म्हणजे अंधारात, भाचा मला बाजारचौक दाखवण्यास घेऊन निघाला. तापमान उणे वीस होते. तो सायकलवर आणि मी शेजारच्या आजीबाईंच्या घसरखुर्चीवर. ही घसरखुर्ची म्हणजे दोन लांब पोलादी पट्ट्यांवर बसवलेली एक आसनी खुर्ची. मागच्या माणसाने एक पाय पट्टीवर ठेवून दुसऱ्याने बर्फाला लाथा मारीत ती हाकायची असते. वास्तविक आसनावर भाजीची पिशवी ठेवतात, आणि हाकणारा तरुण असावा अशी कोणाचीही अपेक्षा असेल. पण आजीबाई माझ्याहून वडील असूनही त्यांनी मला बसण्याची खूण केली, आणि परक्या मुलुखातील दस्तुराचा मान राखणे प्राप्त असल्याने मी पिशवी मांडीवर घेऊन बसलो. पुण्याच्या माणसाला बर्फावरून एक वृद्ध स्त्री लाथा मारीत नेत आहे, हे दृश्य पाहून त्या बाजारचौकात उभा असलेला जाड्या पोलिसाचा पुतळाही हसला असता. सुदैवाने तेथवर आम्ही पोहोचलो नाही.

वाटेत एक बोगदा लागला. हमरस्त्यांखालून सायकली जाव्यात म्हणून असे बोगदे तेथे जागोजाग आहेत. भाचा उताराने ऐटीत खाली गेला, आणि चढ लागताच पेडल मारू लागला. पेडल फिरत होते, चेन फिरत होती, चेनव्हील फिरत होते. सायकल मात्र जागच्या जागी थबकली होती. सर्व भाग आपापले काम चोख बजावीत असून एकंदर काम मुळीच पुढे सरकत नाही, हा देखावा मामलेदार कचेरीत उमर घालवलेल्या माणसास नवा नव्हता, म्हणून मी शांत राहिलो. भाच्याने आणखी जोर केला, तेव्हा पेडल आणखी वेगाने फिरले.

आजीबाई उतरल्या, त्यांनी मागचे चाक उचलून उलटे-सुलटे फिरवले आणि कान लावला. फ्रीव्हीलची टिकटिक अजिबात येत नव्हती. मग त्यांनी मोडक्या इंग्रजीत भाच्याला एकच प्रश्न विचारला : “ती आत का झोपते?”

त्या प्रश्नात सगळी मेख होती. फ्रीव्हीलच्या पोटात लहान लहान खिट्ट्या असतात. आमच्या सायकलवाल्यांच्या भाषेत त्यांना कुत्रे म्हणतात. केसाएवढ्या स्प्रिंगा त्यांना सतत बाहेर रेटीत असतात, आणि खिट्ट्या दात्यांत अडकल्या तरच पायाची ताकद चाकाला पोहोचते. भाच्याने कोंबलेले ग्रीस बावीस अंशांच्या दिवाणखान्यात लोण्यासारखे मऊ असले, तरी उणे वीस अंशांत ते इतके घट्ट होते की, त्या बिचाऱ्या स्प्रिंगांचे त्यापुढे काही चालत नाही. त्यातून रोजचे आत-बाहेर. थंडगार लोखंड उबदार घरात आले की, खोलीतल्या हवेतील बाष्प त्यावर दव होऊन बसते, चाकाला चिकटलेला बर्फही वितळतो, ते पाणी फटीफटींतून आत मुरते, आणि सकाळी सायकल बाहेर काढताच आतल्या आत त्याचा बर्फ होतो. ब्रेकच्या तारा त्यांच्या वेष्टणात गोठतात त्याही याच रीतीने. आजीबाईंची स्वतःची सायकल एका गिअरची, पेडल मागे दाबले की ब्रेक लागणारी, हांको गावी तयार झालेली जोपो. ती ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत अंगणातल्या थंड कोठीत उभी असते, आणि तिच्यावरचा बर्फ तेथे बर्फच राहत असल्यामुळे कोणालाही उपद्रव देत नाही.

त्या दिवशी बाजारचौकाऐवजी आम्ही सायकल-दुरुस्तीच्या दुकानाचे दर्शन घेतले. कारागिराने फ्रीव्हील काढले, गरम हवेने सुकवले, द्रावकाने आतले सारे ग्रीस धुऊन काढले, पुन्हा सुकवले, आणि एवढ्या खटाटोपानंतर त्यात काय घातले? तर शिवणयंत्राच्या तेलाइतके पातळ तेल, तेही मोजके थेंब. भाच्याचा चेहरा पाहवत नव्हता. आसांच्या गोळ्यांसाठी त्या कारागिराने थंडीतही मऊ राहणारे निराळे ग्रीस वापरले, पण तेथेही हात आखडताच.

मग त्याची नजर चेनकडे गेली. काळ्या तेलात रस्त्यावरची कच मिसळून चेनवर जो लगदा बसला होता, तो हाताळून त्याने भाच्याला विचारले की, हे धार लावण्याचे द्रव्य कोणी सुचवले. कड्या, पिन आणि त्यांवर फिरणारे रोलर अशी ही जी रचना आहे, तिची सनद हान्स रेनॉल्ड याने १८८० साली मँचेस्टरला घेतली, आणि तेव्हापासून तिची झीज बाहेर होत नाही, आत पिनेपाशी होते. बाहेरच्या तेलाला माती धरून ठेवण्यापलीकडे दुसरा उद्योग नसतो. कारागिराने एक पोलादी फूटपट्टी काढून चेनवर ताणून धरली. अर्ध्या इंचाची एक कडी, म्हणून चोवीस कड्यांचे बरोबर बारा इंच व्हावयास हवेत; चोविसावी पिन खुणेच्या पुढे एक सोळांश इंच गेली की चेन बदलावी, एक अष्टमांश गेली तर चेनसोबत दातेही गेले असे समजावे. भाच्याच्या चेनची पिन सोळांशाच्याही पुढे जाऊन उभी होती. चेन ताणली जाते असे लोक म्हणतात, पण पोलाद ताणत नाही. प्रत्येक पिनेचा अदृश्य अंश घासून जातो आणि शंभरावर कड्यांच्या त्या लहान लहान अपहारांची बेरीज शेवटी फूटपट्टीवर उघडकीस येते. ऑडिटरला हे समजावून सांगावे लागत नाही.

नव्या चेनचे तेलपाणी आम्ही घरी केले, आणि त्यात माझ्या सामानातील एका जीर्ण धोतराचा विनियोग झाला. तेथल्या घरांत सारे कापड कृत्रिम धाग्याचे, तेल शोषण्याचा गुण कशातच नाही. कृती अशी : चेनच्या आतल्या अंगाने एकेका रोलरवर एकच थेंब सोडायचा, पेडल सावकाश उलटे फिरवीत पूर्ण फेरी करायची, तेल पिनेपर्यंत झिरपावे म्हणून तास-दोन तास थांबायचे, आणि मग धोतराच्या पदरात चेन मुठीने धरून, हाताला जवळजवळ कोरडी लागेपर्यंत पुसत राहायचे. भाचा ओतताना उत्साही होता, पुसताना खिन्न झाला. “मामा, आपण घातलेलं सगळं काढूनच टाकतोय की!” मी म्हटले, “अरे, आत गेले ते आपले. बाहेर उरले ते सरकारजमा.” नंतर सायकल आजीबाईंच्या कोठीत गेली, आणि भाचेसून गालिच्याच्या अर्ध्या भागावर पुन्हा कबजा मिळवून बसली.

परतताना भाचेसुनेच्या बहिणीकडे कोपनहेगनला मुक्काम होता, आणि तेथे निराळाच जाबजबाब सुरू झाला. कोपनहेगनची थंडी शून्याच्या आसपास रेंगाळणारी, ओली, दिवसातून दोनदा मत बदलणारी. तेथील महापालिका मोटारींच्या आधी सायकलमार्ग साफ करते, हे खरे. पण साफ करते म्हणजे त्यावर मीठ टाकते. संपृक्त मिठाचे पाणी उणे एकवीस अंशांपर्यंत गोठत नाही, त्यामुळे जे पाणी ओउलूमध्ये बर्फ होऊन गप्प बसते ते येथे खारे होऊन रात्रभर जागे राहते, आणि मीठ हवेतली आर्द्रता ओढून घेत असल्याने पुसले तरी पुन्हा ओले होते. खाऱ्या पाण्यातून विद्युत्प्रवाह सहज वाहतो. लोखंड गंजण्याच्या क्रियेस त्याहून अधिक सोय लागत नाही. सायंकाळी स्वच्छ ठेवलेली चेन सकाळी तांबडी झालेली मी तेथे पाहिली. ओउलूचे पातळ तेल येथे एका दिवसात धुऊन जाते, मेणाचा लेप उन्हाळ्यात कितीही शोभून दिसला तरी या चिखलात टिकत नाही, आणि म्हणून येथे दाट, चिकट, पावसाळी तेलच घ्यावे लागते. ते कचरा धरते, तर वारंवार पुसायचे, एवढा त्याचा जाच सोसण्यावाचून गत्यंतर नाही. घरी आल्यावर कोमट पाण्याची बादली हळूच ओतून मीठ काढावे, मग कोरडे करून तेल द्यावे. पाण्याचा जोरदार फवारा मारणारे लोक मीठ बाहेरून काढून आसांच्या आत पाठवतात. निकेलचा मुलामा दिलेल्या चेनी तेथे मिळतात, तेल न लागणारे दातेरी पट्टेही मिळतात आणि त्यांची किंमत ऐकून तेल लावण्याची आवड पुन्हा उत्पन्न होते.

याउलट जुन्या घाटाच्या सायकलींवर, आपल्या वडिलांच्या सायकलींवर असायचे तसे, चेनला सर्व बाजूंनी झाकणारे चेनकव्हर असते, आणि मागच्या आसाच्या पोटात दडवलेले गिअर असतात. तेथे मीठ पोहोचतच नाही. अशी सायकल वापरणाऱ्या एका बाईंना मी, चेनला शेवटचे तेल कधी दिले, असे विचारले असता, सायकलला चेन असते हे त्यांना आठवून पाहावे लागले. माझ्या मते ओल्या आणि खाऱ्या मुलुखात याहून शहाणी सायकल नाही, आणि ऐटीसाठी चेन उघडी टाकून वर संरक्षक तेलांच्या बाटल्या विकत घेणे हा निव्वळ पैशाचा अपव्यय आहे.

युरोपच्या उत्तर भागात हिवाळ्यात नातलगांकडे जाणाऱ्या वाचकांस एकच विनंती. सामानात चकल्यांच्या डब्याखाली थोडी जागा उरली तर एक जुने, पुष्कळ वेळा धुतलेले सुती धोतर अवश्य न्यावे. तिकडे चिंध्या दुकानातून विकत घ्याव्या लागतात.