आज्जीचं राज्य, मुक्काम आखेन

परदेशात शिकणाऱ्या मुलाविषयी आमच्या सातारच्या घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांचे काही पक्के समज आहेत. तो रोज बर्फातून चालत जातो, पावावर जगतो आणि दर शनिवार-रविवारी पॅरिसला असतो. यातला पहिला समज हवामानानेच खोटा पाडलाय. आखेनला बर्फापेक्षा पाऊस जास्त, आणि तोही असा, की छत्री उघडावी तर थांबतो आणि मिटावी तर सुरू होतो. दुसरा समज निम्मा खरा आहे. तिसऱ्याबद्दल एवढंच सांगतो, की शनिवारी मी कपडे धुतो आणि रविवारी काहीच करत नाही, कारण रविवारी काही केलेलं जर्मनीला खपत नाही.

आखेन हे गाव जर्मनीच्या पार पश्चिम टोकाला आहे. शार्लमेन बादशहाची ही आवडती राजधानी. त्याने बांधायला घेतलेलं इथलं कॅथेड्रल 1978 साली जागतिक वारशाच्या अगदी पहिल्या यादीत लागलं. आपल्या वेरूळचा नंबर त्यानंतर पाच वर्षांनी आला. हल्ली मात्र गाव ओळखलं जातं ते तंत्रविद्यापीठामुळे. जर्मनीतल्या परदेशी विद्यार्थ्यांत भारतीय आता पहिल्या क्रमांकावर आहेत आणि त्यांतले पुणे, कोल्हापूर, नागपूरचे इंजिनियर इथे एवढे आहेत, की मेन्साच्या, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीच्या रांगेत पुढच्याच्या ताटाबद्दल मराठीत काही बोलण्याआधी आजूबाजूला नीट बघून घ्यावं लागतं.

फीबद्दल मी नातेवाइकांत बोलणं सोडून दिलंय. इथे सरकारी विद्यापीठाला फी नाही, सेमिस्टरचं किरकोळ शुल्क भरलं की झालं, आणि त्यात बस-रेल्वेचा पासही येतो, असं मी मागे एका काकांना सांगितलं. काकांनी क्षणभर विचार केला आणि आवाज खाली आणून बाबांना विचारलं, "डिग्री खरी देतात ना पण?"

फी नाही याचा अर्थ पैसे लागत नाहीत असा नाही. व्हिसाच्या आधी एका बंद खात्यात वर्षाच्या खर्चाचे 11,904 युरो भरून दाखवावे लागतात. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरा आणि गुणाकार बसून करा, उभ्याने करू नका. हे पैसे आपलेच, खातंही आपल्याच नावाचं. पण काढता येतात ते महिन्याला 992 युरो. त्यावर दमडी नाही. ही व्यवस्था ऐकली तेव्हाच मला ओळखीची वाटली होती. आमचे आजोबा पोस्टातून पेन्शन आणायचे, ती आज्जी हातातून काढून घ्यायची, पत्र्याच्या डब्यात टाकायची आणि त्यातून आजोबांना रोज पानापुरते पैसे द्यायची. आजोबांनी कधी दोन पानांचे मागितले, तर "कशाला?" या एका शब्दात अर्ज फेटाळला जायचा.

पुढे इथे राहायला लागल्यावर संशय बळावत गेला आणि आता माझं मत पक्कं झालंय. जर्मनी म्हणजे देशाएवढी झालेली आमची आज्जी आहे. परदेशी विद्यार्थ्याला इथे जे जड जातं, ते अभ्यासापेक्षा या आज्जीच्या हाताखाली नांदणं.

कचऱ्यापासून सुरुवात करू. मी 'वेगे'त राहतो. म्हणजे चौघांचं घर: प्रत्येकाला आपली खोली, स्वयंपाकघर सगळ्यांचं. आमच्यात एक जर्मन, एक इराणी, एक स्पॅनिश मुलगी आणि मी. स्वयंपाकघरात माणसांइतकेच कचऱ्याचे डबे आहेत. वेष्टणं पिवळ्या पिशवीत, कागद वेगळा, ओला कचरा वेगळा, आणि कुठेच न बसणारा उरलेला कचरा चौथ्यात. काचेच्या बाटल्या या डब्यांत चालत नाहीत. त्या रस्त्यावरच्या टाक्यांत, पांढरी, तपकिरी आणि हिरवी काच निवडून टाकायच्या. चहाचा चोथा ओल्यात. दुधाचा खोका कागदाचा दिसला तरी पिवळ्या पिशवीत. पिझ्झाचा खोका स्वच्छ असेल तर कागदात, तेलकट असेल तर उरलेल्यात. दुकानाची पावती हातात घेतली तर शुद्ध कागद, पण ती उष्णतेवर छापलेली असते म्हणून तीही उरलेल्यात. आमचा जर्मन मित्र यात शेवटचं कोर्ट आहे. गणपतीनंतर त्याच्यापुढे निर्माल्याचा खटला गेला होता. फुलं आणि दूर्वा ओल्या कचऱ्यात, हाराचा दोरा उरलेल्यात, असा त्याने निकाल दिला आणि दोरा ओढून काढायला स्वतः बसला.

हे फोनवर ऐकून आज्जीला काही विशेष वाटलं नाही. तिने जन्मभर दुधाच्या पिशव्या धुऊन खिडकीत वाळत घातल्या, रद्दी वेगळी बांधली, बरण्या वेगळ्या ठेवल्या आणि भाजीची देठं गाईला घातली. "मग त्यात नवीन काय?" ती म्हणाली. नवीन एवढंच, की गाय नाही.

बाटल्यांचा कारभारही तिला पसंत पडला. पाण्याची प्लॅस्टिकची बाटली घेतली की 25 सेंट अनामत जास्त द्यायची. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्राच्या तोंडात घातली की यंत्र ती फिरवून बघतं, पटली तर ठेवून घेतं आणि शेवटी चिठ्ठी देतं. चार बाटल्यांचा एक युरो होतो. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात इथला विद्यार्थी बाटल्या पलंगाखाली सारतो आणि शेवटच्या आठवड्यात पलंगाखालची संपत्ती पिशवीत भरून बाहेर पडतो. मित्राच्या वाढदिवसाला सगळ्यांत शेवटपर्यंत थांबून आवराआवरीला मदत करणारा मुलगा दिसला, तर त्याच्या संस्कारांचं लगेच कौतुक करू नये. त्याच्या हातातली पिशवी बघावी.

मग शांतता. रात्री दहा ते सकाळी सहा आवाज करायचा नाही. रविवारी तर दिवसभर नाही. ड्रिल नाही, हातोडा नाही, काचेच्या टाकीत बाटलीही टाकायची नाही, कारण ती खळ्ळकन आवाज करते. आज्जीच्या राज्यात शनिवारी नखं कापत नसत आणि दिवेलागणीला केर काढत नसत, तसलाच हा प्रकार समजून मी मुकाट पाळत होतो. फरक एवढाच, की आज्जीला कारण विचारलं तर "नसतं करायचं" हेच उत्तर मिळायचं आणि इथे कलम क्रमांक मिळतो. रविवार हा विश्रांतीचा आणि आत्मिक उन्नतीचा दिवस आहे, हे जर्मनीच्या राज्यघटनेच्या 140व्या कलमामुळे थेट वायमार घटनेतून चालत आलेलं आहे. आमच्या इमारतीत रविवारी कपडे धुण्याचं यंत्र बंद असतं. म्हणजे घटनेने हमी दिलेली उन्नती आम्ही मळक्या शर्टात करून घेतो.

या शांततेत माझा कुकर आला. पहिली शिट्टी झाली तेव्हा स्पॅनिश मुलगी खोलीतून पळत बाहेर आली आणि इराणी मित्राने गॅसगळतीचा अंदाज बांधला. जर्मन मित्र शांतपणे कुकरसमोर खुर्ची घेऊन बसला. तो माझ्याच वर्गात, मेकॅनिकलला आहे. "किती मिनिटं लागतात?" त्याने विचारलं. मी म्हणालो, "तीन शिट्ट्या." शिट्टी म्हणजे किती मिनिटं, यावर "ते डाळीवर आहे" हे माझं उत्तर त्याला शास्त्रशुद्ध वाटलं नाही. मग कित्येक दिवस तो फोनवरचं घड्याळ लावून वेळा टिपत होता. कुकरच्या आत तापमान एकशेवीस अंशांच्या आसपास जातं, तेव्हा तिसऱ्या शिट्टीची काही गरज नाही, असा निष्कर्ष त्याने आलेखासह मांडला. मी तो आज्जीला कळवला. "डाळ नवी होती का जुनी, ते विचार त्याला," आज्जी म्हणाली. हे चल त्याने धरलंच नव्हतं. तेव्हापासून तो आज्जीचा उल्लेख आदराने करतो आणि रात्री दहाच्या आत तीन शिट्ट्यांना घराची अधिकृत परवानगी आहे.

रविवारी दुकानं बंद. पाव विकणारे काही तास उघडतात, स्टेशनवर काही मिळतं, बाकी शुकशुकाट. शनिवारी संध्याकाळी दुकानात जी गर्दी उसळते ती बघून परक्या माणसाला वाटावं, सोमवारी युद्ध आहे. ज्याची कोथिंबीर आणायची राहिली, त्याला आखेनमध्ये मात्र एक पळवाट आहे. गावाला लागूनच फाल्स नावाचं गाव आहे आणि ते नेदरलँड्समध्ये येतं. डच लोक रविवारी दुकानं उघडी ठेवतात. तेव्हा शहराच्या बसमध्ये बसायचं, आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडायची, कोथिंबिरीची जुडी घ्यायची आणि परत यायचं. सीमेवर सहसा कोणी विचारत नाही. आपल्याकडे सीमोल्लंघन वर्षातून एकदा, दसऱ्याला. आम्ही दर रविवारी करतो आणि सोन्याऐवजी हिरवं लुटून आणतो.

फाल्सच्या वरच तीन देशांच्या सीमा जिथे भिडतात तो डोंगर आहे. युरोपातल्या नेदरलँड्समधलं ते सर्वांत उंच ठिकाण, 322 मीटर. पहिल्या रविवारी वर्गातली मुलं ट्रेकचे बूट, काठ्या आणि सुका मेवा घेऊन निघाली, तेव्हा मी सातारकराला शोभेल अशी दोन लिटर पाण्याची तयारी केली होती. घाम यायच्या आत शिखर आलं. आमचं सातारा गावच समुद्रसपाटीपासून सातशे मीटरवर आहे. म्हणजे आमच्याकडे माणूस अंगणात उभा राहिला, तरी त्या शिखराच्या दुपटीवर असतो. हे मी तिथल्या डच मित्रांना सांगितलं नाही. पाहुण्याने यजमानाच्या डोंगराबद्दल बोलू नये.

आता अभ्यास. नापास झालात तर पुन्हा बसता येतं, पण एका विषयाला बहुधा तीनच वेळा. सक्तीच्या विषयात तिसऱ्यांदा गेलात, तर तोच अभ्यासक्रम जर्मनीत दुसरीकडेही करता येत नाही. एटीकेटीच्या छत्रछायेत वाढलेल्या आमच्या पिढीला हा नियम पहिल्यांदा ऐकताना घोटभर पाणी लागतं. गुण उलटे: 1.0 सर्वोत्तम, 4.0 काठावर पास, 5.0 नापास. मला एका विषयात 1.7 मिळाले तेव्हा आईचा चेहरा पडला. "किती पैकी?" तिने विचारलं. समजावून सांगितल्यावर खुलली आणि तासाभरात आळीत बातमी गेली, की पोरगा जर्मनीत पहिल्यात आला. पहिल्यात म्हणजे कशात, हे कोणी विचारलं नाही.

व्याख्यान संपलं की इथले विद्यार्थी टाळ्या वाजवत नाहीत, बाकावर बोटांच्या पेरांनी ठकठक करतात. आमच्या शाळेत बाक वाजवला म्हणून मी वर्गाबाहेर उभा राहिलोय. इथे चारशे पोरं एका वेळी बाक वाजवतात आणि प्राध्यापक खुशीने मान झुकवतात.

राहता राहिला पत्रव्यवहार. हा देश मोटारी बनवतो, पण चालतो कागदावर. विम्याचं पत्र पोस्टाने, बँकेचा पिन पोस्टाने. टीव्ही-रेडिओची घरटी दरमहा 18.36 युरोंची वर्गणी असते, तिचंही पत्र पोस्टाने. टीव्ही नसला तरी ती भरायची. ("पैसे भरतोयस तर बघत जा," ही आज्जीची सूचना.) पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र टाकत नाही. पासपोर्टात माझ्या नावाला जोडून बाबांचं नाव आहे. जर्मनांना वाटतं, ही दोन्ही याचीच नावं. त्यामुळे पेटीवर आम्ही दोघं आहोत, विम्याच्या कार्डावर दोघं आहोत आणि विद्यापीठाच्या यादीतही दोघं आहोत. जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले बाबा आता मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहेत आणि हे त्यांना मनातून आवडलेलं आहे. त्यांच्या फोनवर सातारच्या आधी आखेनचं हवामान दिसतं. मी खिडकीतून बघायच्या आत त्यांचा संदेश आलेला असतो: छत्री घे.

कधी फार कुरकुर करावीशी वाटली, तर मी आमच्या आधी आलेल्यांची आठवण काढतो. इथून जवळच्या बॉनला 1921 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विद्यापीठात नाव नोंदवलं होतं. इरावती कर्वे यांनी 1930 साली बर्लिनमधून डॉक्टरेट मिळवली, तीही आपल्या मार्गदर्शकाच्या वंशविषयक मताला पुष्टी न देणारा निष्कर्ष मांडून. त्यांच्या घरचं पत्र बोटीने यायचं. माझ्या आईचा फोन उन्हाळ्यात साडेतीन तासांचा आणि हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक विसरून ऐन व्याख्यानात येतो, एवढंच माझं दुःख आहे.

तेव्हा ज्यांची मुलं जर्मनीला निघालीत, त्यांना अनुभवाचे दोन शब्द. लोणच्याच्या बरण्यांनी बॅग भरू नका, लोणचं इथे मिळतं. कुकर द्या आणि शिट्टी एक जादा द्या. भाषेचा क्लास लावा, तो लागतोच. पण त्याआधी पोराला सहा महिने आज्जीकडे राहायला पाठवा. पैसे मोजून मिळतील, दिवे वेळेवर बंद होतील, पिशव्या धुवाव्या लागतील आणि दुपारी आवाज केला तर बोलणी बसतील. तिथे जो पास झाला, तो जर्मनीत कुठेही अडणार नाही. त्या कोर्सलाही फी नाही.